सेकंदाला पन्नास

कॅसेटच्या पाठचे स्क्रू काढले तर आत जवळजवळ काहीच नव्हतं. पिवळ्या प्लॅस्टिकचा निम्म्याहून जास्त भाग पोकळ. खालच्या कडेला बोटभर हिरवी पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना सोनेरी दात, इकडे 30 नि तिकडे 30, आणि मधोमध वाळून घट्ट झालेला एक काळा थेंब. चिप त्या थेंबाखाली. स्वस्तातला माल असाच बांधतात. उघडी चिप पट्टीवर चिकटवायची, वरून काळी राळ ओतायची, झालं. त्यामुळे चिपवर ना कंपनीचं नाव, ना नंबर, ना साल. वरच्या स्टिकरची ऐट मात्र केवढी! उघड्या अंगाचा एक बंदूकवाला, त्याच्या मागं ड्रॅगन, वर विमान, आणि ठसठशीत आकडा : 9999 इन 1.

ते 9999 आम्ही कधी मोजायला गेलो नाही. सुरू केलं की आधी समुद्र यायचा. मावळतीचा सूर्य, लाटांवर दोन-चार पांढरे पक्षी, आणि संथ चालीची एक धून. माहूरपासून समुद्र फार लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे गावाला वळसा घालून जाणारी पैनगंगा, नाहीतर मातृतीर्थाचा तलाव. गल्लीतल्या बहुतेक पोरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आमच्या घरी, काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर. समुद्राखाली खेळांची यादी. आकडे वाढत जायचे, खेळ तेच. कॉन्ट्रा, मग पुन्हा कॉन्ट्रा, पण धबधब्यापासून, पुन्हा कॉन्ट्रा, पण हातात आधीच पाच गोळ्या फेकणारी बंदूक. मारिओ एकदा साधा, एकदा घराएवढ्या उंच उड्या मारणारा. प्रत्येकाचं नाव वेगळं, आणि ती नावं कुणी ठेवली होती कोण जाणे.

यंदा महालक्ष्म्यांना माहेरी आले तेव्हा ही कॅसेट दुसऱ्यांदा माझ्या सामानात होती. मधल्या काळात ती माळ्यावरून पुण्याला जाऊन आली होती. तिथं माझ्या एका मित्राकडे अशा 60 दातांच्या कॅसेटी वाचणारी खाच आहे. कॅसेट खोचायची, दुसरी बाजू यूएसबीनं लॅपटॉपला जोडायची, आणि आतला सगळा ऐवज एका फाइलीत उतरवून घ्यायचा. ऐकायला सोपं. पण फाइल उतरली तरी चालेना. या कॅसेटी ज्यावर चालत त्या जुन्या यंत्राच्या प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्रॅम एका वेळी 32 किलोबाइटच दिसतो. मारिओ तेवढ्यात बसला. चित्रांसकट त्याचा सगळा संसार 40 किलोबाइटचा. कॉन्ट्राला 128 लागले. मग कॅसेटच प्रोसेसरसमोर एकेक पान धरते आणि खेळ पुढं सरकेल तशी पानं पालटते. पानं पालटायची रीत प्रत्येक जातीच्या कॅसेटची निराळी, त्या रितीला मॅपर म्हणतात, आणि तिचा क्रमांक फाइलीच्या माथ्यावरच्या 16 बाइटांत लिहावा लागतो. अस्सल कॅसेटींचे क्रमांक ठरलेले आहेत. आमच्यासारख्या बेवारस कॅसेटींचेही जगभरच्या हौशी लोकांनी एकेक उघडून, तपासून लावून ठेवलेत. कुणाच्या तरी लबाडीची इतकी काटेकोर वंशावळ मांडणारी माणसं आहेत याचं मला फार बरं वाटलं. मित्रानं क्रमांक बदलत बदलत शेवटी बरोबर तो घातला आणि लॅपटॉपवर समुद्र उजाडला. रंगीत. सूर्य नारिंगी होता.

आता ही फाइल चालवायचं हातातलं यंत्र. मियू मिनी प्लस नावाचं चिनी बनावटीचं, तळहातात मावणारं. पडदा साडेतीन इंची, 640 बाय 480 ठिपक्यांचा. जुना खेळ 256 बाय 240 चा, म्हणजे प्रत्येक ठिपका दोन्हीकडून दुप्पट केला की उंची बरोब्बर भरते. कुठं ताणायला नको, कुठं पुसट होत नाही. सोबत आलेलं मेमरी कार्ड पहिल्या दिवशीच काढून टाकावं, असं या छंदातले जाणते सांगतात. बिननावाची कार्डं दगा देतात. मी चांगल्यातलं कार्ड आणलं, फॅट32 मध्ये फॉरमॅट केलं, त्यावर ऑनियन नावाची मोफत प्रणाली टाकली. ती हौशी लोकांनीच लिहिलेली आहे. मग फोल्डर. प्रत्येक जुन्या यंत्राचा एकेक. या कॅसेटींचा, म्हणजे फॅमिली कॉम्प्युटरचा, ‘एफसी’. त्यात आमची फाइल टाकली. हे सगळं मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून केलं. आत वहिनी पुरणाला लागली होती. तिनं दोनदा विचारलं, एवढं काय चाललंय, आणि दोन्ही वेळा उत्तराची वाट न बघता डाळ पाहायला गेली.

मूळ यंत्र निन्टेंडोचं. फॅमिली कॉम्प्युटर या नावानं ते जपानात 15 जुलै 1983 रोजी विकायला आलं. आमच्याकडे पोचेपर्यंत नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, आणि पोचलं ते स्वतः नव्हेच, त्याची नक्कल. वर्तमानपत्रांत समुराई, मीडिया, लिटल मास्टर या नावांच्या जाहिराती असत. आमच्या डब्यावर तसलंही नाव नव्हतं. नवरात्रात रेणुकेच्या गडाच्या पायथ्याशी कुठून कुठून दुकानदार येतात. त्यांतल्या एकाकडे पाण्यातल्या रिंगांचे खेळ, ब्रिक गेम, चावीची माकडं, आणि वरच्या फळीवर तो. आईचं ओटीचं दुकान समोरच. कुंकू, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. शेजारी प्रसादाचा तांबूल कुटण्याचा आवाज पहाटेपासून. दादा नऊ दिवस गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना त्या फळीकडं बघत होता. दसऱ्याला गर्दी ओसरल्यावर आईनं त्या दुकानदाराशी अशी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, माय, न्या आता.

तर यंत्र नकली, कॅसेट नकली, खेळांची नावंसुद्धा नकली. पुण्या-मुंबईतले या छंदातले लोक ‘ओरिजिनल’ जपतात, जपानहून डबे मागवतात, तेव्हा मला जरा परकं वाटतं. आमचं मूळच नक्कल होतं. आणि माहूरच्या माणसाला अपुऱ्याचं तसं वावडं नसतं. गडावर रेणुकेचं मुख तेवढं आहे. परशुरामानं सांगूनही मागं वळून पाहिलं आणि जमिनीतून वर येणारी आई तिथंच थांबली, अशी कथा. त्या मुखाला पूर्ण पीठ मानतात, अर्धं पीठ वणीचं. (ही तुलना मी आईसमोर करत नाही.)

कायद्याचं म्हणाल तर यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, म्हणजे एमुलेटर, लिहिणं हा गुन्हा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं 2000 साली त्या बाजूनं निकाल दिला. खेळांचे हक्क मात्र त्यांच्या धन्यांकडे शाबूत आहेत, ते खेळ फुकट वाटायचे नसतात, आणि कोनामीनं 2019 साली जुने कॉन्ट्रा एकत्र बांधून पुन्हा विकायला काढलेत. आपल्याकडे कायदेशीर मालकाला प्रोग्रॅमची जपणुकीपुरती प्रत काढता येते. आमची कॅसेटच चोरीची. तिची जपणूक कोणत्या कलमात बसते हे एखाद्या वकिलाला विचारायची माझी छाती नाही.

हातातल्या यंत्रावर पहिल्यांदा कॉन्ट्रा सुरू केला तेव्हा गडबड जाणवली. माणूस पळत सुटलेला. गोळ्या अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत, दिसतात तोवर मेलेला. मी उडी मारायचे ती प्रत्येक वेळी केसभर उशिरा. पहिल्या टप्प्याच्या अर्ध्यातच तिन्ही जीव संपले. चाळिशी उलटून गेली, चष्मा आला, बोटांनाही आता चष्मा लागणार असं म्हणून मी ते ठेवून दिलं. पण संध्याकाळी आरती चाललेली असताना डोक्यात त्या खेळाची धून वाजायला लागली, आणि डोक्यातली धून संथ होती. दुपारी ऐकलेली तीच सुरावट, त्याच पट्टीत, पण दुडक्या चालीनं. माणसाचा हात मंदावेल. ऐकलेली लय कशी मंदावेल?

उत्तर एमुलेटरच्या पोटात होतं, पर्यायांच्या लांबलचक यादीत. जपान-अमेरिकेतले एनटीएससी पद्धतीचे टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवायचे. आपले पाल पद्धतीचे, सेकंदाला 50. आपली वीजही सेकंदाला 50 झोके घेणारी. या खेळांकडं स्वतःचं घड्याळ नाही. ते चित्रं मोजतात. एक चित्र झालं की माणूस एक पाऊल पुढं, गोळी थोडी पुढं, धुनेचा ठोका पुढं. 60 ची 50 झाली की सगळं जगच एक षष्ठांशानं सावकाश चालतं. निन्टेंडोनं युरोपसाठी केलेल्या यंत्रात प्रोसेसरचाही वेग उतरवला होता, त्यामुळं तिथं सूरही खाली आले. पण तैवानच्या यूएमसी कंपनीनं 50 च्या टीव्हीसाठी ज्या नकली चिपा काढल्या, त्यांत प्रोसेसर जवळपास मूळच्याच वेगाचा ठेवला : मूळ 1.79 मेगाहर्ट्झ, हा 1.77. म्हणजे सूर तेच, लय मात्र विलंबित. अस्सल यंत्रात कुठंच न सापडणारं हे मिश्रण, ते फक्त नकलांमध्ये. रशियात 1992 च्या डिसेंबरात स्टीप्लर कंपनीनं असंच यंत्र डेंडी या नावानं बाजारात आणलं, तिथल्या एका पिढीचं बालपण त्यावर गेलं, आणि म्हणून आज एमुलेटरमध्ये या चालीचं नाव डेंडी आहे. एनटीएससी, पाल, डेंडी. भारत नावाची नोंद नाही. मॉस्कोतल्या कुणा पोराच्या ओळीत आम्ही माहूरची पोरं उभी.

मी डेंडी लावलं.

पहिले चार-सहा ठोके वाजले आणि मी मांडी बदलून बसले. जंगल तेच, पण आता त्यात श्वास घ्यायला जागा होती. खड्ड्याच्या कडेला पोचताच अंगठा आपोआप दाबला गेला. पुलावर पाय पडला की तो मागून फुटत येतो, हे डोक्याला आठवायच्या आत हाताला आठवलं. हळू धावणाऱ्या शत्रूच्या डोक्यावरून जाताना उडीत अंगाचं मुटकुळं कधी होतं, कधी सुटतं, तेवढ्या क्षणात बंदूक कुठं वळवायची, हे सगळं हातात साठवलेलं होतं, फक्त 50 च्या मापानं. पडदा खरं तर 60 चाच आहे, त्यामुळे सरकती जमीन अधूनमधून बारीकशी अडखळते. चालायचंच. शत्रू एका रांगेत जास्त झाले की ते लुकलुकतात, कारण जुनी चिप एका आडव्या रेघेत आठांपेक्षा जास्त आकृत्या काढू शकत नाही. ही मर्यादा उठवायचंही बटण आहे. ते मी बंद ठेवलं.

भाच्याला मात्र हे पटलं नाही. “आत्या, हे काय लावलं? हळू चालून राहिलं ना.” माहूरची पोरं नांदेड जिल्ह्यात राहून बोलतात यवतमाळची, बोली पैनगंगेचा पूल ओलांडून येते. त्यानं यंत्र घेतलं, दोन मिनिटांत तो पर्याय शोधला, 60 वर नेला, आणि धबधब्यापर्यंत पोचलासुद्धा. त्याच्यासाठी तो खेळ आजचा आहे, त्याला कुणाच्या तरी जुन्या लयीशी काय देणंघेणं? मी तक्रार केली नाही. एकाच फाइलीच्या दोन प्रती केल्या, दोन्हींना वेगवेगळी नावं दिली, कारण हे पर्याय फाइलीच्या नावाप्रमाणं लक्षात ठेवले जातात. नावं त्यानंच टाकली : ‘कॉन्ट्रा’ आणि ‘कॉन्ट्रा आत्याचा’.

दुसऱ्या एका बाबतीत मी पक्की आजची आहे. यंत्र बंद करताना ते खेळ जिथल्या तिथं गोठवून ठेवतं आणि पुन्हा चालू केलं की तिथूनच उचलतं. आमच्या वेळी व्होल्टेज उतरायचं तसं टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, कडा काळ्या पडायच्या, मग आवाज घरघरायचा आणि लाईट जायची. सहाव्या टप्प्यावर असा की सातव्या, लाईट आल्यावर परत जंगलातून सुरुवात. त्या लोडशेडिंगची आठवण काढून गहिवरणारे लोक मला समजत नाहीत. रॉकेलचा वास असलेल्या त्या अंधारात मला फक्त राग आलेला आठवतो.

आणि रिमोट. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. एक नंबरचा दादाचा, दोन नंबरचा माझा. दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. मूळ जपानी यंत्रातही तसंच होतं, पण तिथं निदान बदल्यात एक छोटा माईक दिला होता, त्यात ओरडता यायचं. माझ्या रिमोटवर दोन बटणांच्या जागी नुसती चकचकीत सपाट पट्टी. म्हणजे खेळ सुरू करायचा दादानं, थांबवायचा दादानं. आईनं दुकानातून हाक मारली, मोजून बांगड्या आण, तर मी म्हणायचे, दादा, थांबव ना. तो म्हणायचा, थांब, हा मरू दे. तोवर मीच मेलेली असायची. धबधब्याचा टप्पा तर खास. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड दादानं शाळेच्या सहलीत पाहिला होता, त्यामुळं त्या टप्प्याची सगळी मालकी त्याची. तिथं दगडादगडांवरून वर चढत जायचं असतं, आणि पडदा एकदा वर सरकला की खाली येत नाही. पुढचा माणूस वर गेला की मागचा पडद्याच्या खालच्या कडेत सापडून मरतो. गोळी नको, शत्रू नको. दादा इतका भराभर चढायचा की माझ्या मरणाची जबाबदारी कुणावरच येत नसे. मला वाटायचं, मलाच नीट चढता येत नाही. या वेळी एकटीनं चढले तेव्हा कळलं, तो टप्पा अवघड नाहीच.

जास्तीच्या जीवांचा मंत्र मात्र त्यानंच आणला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. 30 जीव. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोटो यांनी ग्रेडियस या खेळाची चाचणी घेताना, तो फार अवघड जातो म्हणून, स्वतःच्या सोयीसाठी हा क्रम 1986 च्या सुमाराला बसवला होता. 2020 साली ते गेले तेव्हा जगभरातून लोकांनी तोच क्रम लिहून निरोप दिला. जपानातल्या एका कामगाराची ती पळवाट इंटरनेट नसताना पुसदपर्यंत कशी आली आणि पुसदहून दादाच्या मित्रानं माहूरला कशी आणली, याचा माग कुणी काढू शकणार नाही. दादानं ती दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर बाण काढून लिहून ठेवली. आईला ते कुणाचं तरी उधारीचं खातं वाटलं.

महालक्ष्म्या उठल्याच्या रात्री दादा दुकान वाढवून आला आणि जेवण झाल्यावर त्यानं यंत्र हातात घेतलं. त्याला मी आपल्या कॅसेटचा खेळ लावून दिला, 50 चा. तो काही बोलला नाही, पण पाय हलायला लागला. मग गंमत म्हणून त्याला जपानी आवृत्ती दाखवली. जपानातल्या कॅसेटीत कोनामीची स्वतःची जादा चिप होती, त्यामुळं तिथल्या जंगलात माड वाऱ्यानं हलतात, पुढच्या एका टप्प्यात बर्फ पडतं, मधे नकाशा येतो. परदेशी आवृत्तीतून हे सगळं गाळलेलं, आणि आमची कॅसेट त्या गाळलेल्याची नक्कल. खरं सांगायचं तर हलणारे माड मला आवडले. इतकी वर्षं कागदातून कापून चिकटवल्यासारखं उभं असलेलं जंगल एकदम पावसाळी झालं.

“मग यात नवीन काय?” दादा म्हणाला. “आपल्यात हलायचेच की माड.”

मी म्हटलं, नव्हते हलत. आत्ताच तर पाहिलंस, आपल्याच कॅसेटमधून काढलाय तो खेळ.

“ही आपली कॅसेट नव्हेच. ही नंतरची. पहिली निळी होती, पुसदहून आणलेली. तिच्यात समुद्रबिमुद्र नव्हता, सरळ खेळ लागायचा.”

निळी कॅसेट मला आठवत नाही. वहिनी म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात असलं काहीतरी होतं, बहुतेक भंगारात गेलं. आई म्हणाली, भंगारात मी काही दिलेलं नाही. भाचा तोवर टॉर्च घेऊन शिडीवर चढला होता. दादा खालून त्याला सांगत होता, त्या कोपऱ्यात नको, हंड्याच्या मागं बघ, आणि मधेच माझ्याकडं वळून म्हणाला, सापडली तर तुझा तो पुण्याचा मित्र वाचून देईल ना?